अनंत मॅट्रॉइडांचा छेद : नॅश-विल्यम्स यांच्या अनुमानाची चिकित्सा

हॅस्लर व्हिटनी यांनी १९३५ मध्ये मांडलेली मॅट्रॉइड ही संकल्पना सदिशांचे स्वातंत्र्य आणि आलेखातील चक्ररहितता यांना एका सूत्रात बांधते. एकाच संचावर दोन मॅट्रॉइड असता दोन्हींत स्वतंत्र असणारा उपसंच जास्तीत जास्त किती मोठा, याचे सांत संचापुरते उत्तर जॅक एडमंड्स यांनी १९७० मध्ये दिले. ते उत्तर मोजणीचे आहे. अनंत संचात मोजणी लंगडी पडते; एकाआड एक घटक वगळला तरी संख्या तीच राहते.

क्रिस्पिन नॅश-विल्यम्स यांनी संख्येऐवजी साक्ष मागितली, हे त्यांच्या अनुमानाचे खरे श्रेय होय. परभणी जिल्ह्यातील लोहमार्ग पाहावेत. मानवत रोड व पूर्णा या दोन स्थानकांहून गंगाखेडकडे निघाले, तरी जिल्ह्यातील प्रत्येक वाट परभणी जंक्शनातूनच जाते. एक मार्ग आणि त्यावरील हे एक स्थानक परस्परांची साक्ष देतात : मार्ग आहे म्हणून निदान एक स्थानक अडवावे लागते, स्थानक अडवले की दुसरा अलग मार्ग उरत नाही. अनंत आलेखातही अलग मार्गांचा समूह घेऊन प्रत्येकावरील एकेक बिंदू असा निवडता येतो की सर्व वाटा अडतात, हे आहारोनी व बर्जर यांनी २००९ मध्ये सिद्ध केले. नॅश-विल्यम्स यांचे अनुमान याहून व्यापक आहे : सामाईक स्वतंत्र संच व मूळ संच यांचे दोन-दोन भाग असे पडावेत की स्वतंत्र संचाचा एक भाग मूळ संचातील आपला भाग पहिल्या मॅट्रॉइडमध्ये व्यापील आणि उरलेला भाग उरलेल्याला दुसऱ्यामध्ये.

या अनुमानावरील आहारोनी व झिव्ह यांचा निबंध १९९८ चा. योगायोग असा की, बायनरी मॅट्रॉइडांच्या विभाजनावरील पुण्याच्या रघुनाथन, शिकारे व वाफारे यांचा निबंधही त्याच वर्षीचा. मात्र त्याचे साधन मॅट्रिक्स, म्हणजे सांत संचाचेच.

मूळ अनुमान, ज्यांत संचाचे स्वातंत्र्य त्याच्या सांत उपसंचांवरून ठरते अशा मॅट्रॉइडांपुरते होते. गणनीय संचावर ते अत्तिला यो यांनी २०२१ मध्ये सिद्ध केले. अगणनीय संचावर ते अनिर्णित आहे. ब्रून, डीस्टेल आदींच्या २०१३ च्या गृहीतकांनंतर ते सर्वच अनंत मॅट्रॉइडांना लावले जाऊ लागले. हा विस्तार आकर्षक खरा, तथापि त्याची भूमी डळमळीत आहे. एकाच मॅट्रॉइडच्या दोन आधारांची संख्या समान असते की नाही, हेसुद्धा संचसिद्धांताच्या रूढ गृहीतकांवरून ठरत नाही, असे बोलर व गेश्के यांनी २०१६ मध्ये दाखविले. तेव्हा अगणनीय संचावरील मूळ, मर्यादित प्रश्नालाच अग्रक्रम मिळावयास हवा.