दाता, घेणारा आणि लिहिणारा

परोपकार हा जसा आचाराचा विषय आहे तसा तो वाङ्मयाचाही विषय आहे, ही गोष्ट आमच्या टीकाकारांच्या फारशी लक्षात आलेली दिसत नाही. दुष्काळ, महामारी किंवा भूकंप ह्यांसारखी आपत्ती कोसळली म्हणजे दूरदेशीची माणसे धर्मबुद्धीने मदतीस धावून येतात, आणि आपण काय पाहिले व काय केले हे पुढे लिहून ठेवितात. ह्या लिखाणाकडे आपण एक तर कृतज्ञतेने पाहतो, नाही तर संशयाने. ते लिखाण म्हणून कसे उतरले आहे, त्यात घेणारा माणूस दिसतो की केवळ देणारा हात दिसतो, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. तो विचारण्यास, आज अहिल्यानगर ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नगर जिल्ह्याइतका योग्य प्रदेश महाराष्ट्रात दुसरा सापडणे कठीण आहे.

नगर हा अवर्षणाचा मुलूख. १८७६ ते ७८, पुन्हा १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० असे तीन मोठे दुष्काळ एका पिढीने तेथे पाहिले; आणि मधल्या काळात प्लेगने दख्खनेत पाऊल टाकिले. त्याच नगरात १८३१ सालापासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. त्यामुळे अमेरिकेतील एखाद्या लहान गावी जमलेली वर्गणी आणि राहुरीच्या बाजूचे उपाशी पोर ह्यांच्यामध्ये एक सरळ वाट तयार झाली. मुंबईत जन्मलेले व पुढे नगरात आयुष्य वेचणारे रेव्हरंड रॉबर्ट ॲलन ह्यूम हे ह्या वाटेवरचे मुख्य नाव होय. शतकाअखेरच्या दुष्काळातील कामगिरीबद्दल त्यांस कैसर-इ-हिंद हे सुवर्णपदक मिळाले.

ह्या काळाची दोन पुस्तके आम्ही वाचकांपुढे शेजारी शेजारी ठेवू इच्छितो. पहिले जॉर्ज लँबर्ट ह्या अमेरिकन धर्मोपदेशकाचे. इंडियाना संस्थानातील एल्कहार्ट येथील एका मदतमंडळाच्या वतीने हे गृहस्थ १८९७ साली हिंदुस्थानात धान्य वाटण्यास आले, आणि १८९८ साली त्यांनी दुष्काळ, प्लेग व भूकंप ह्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दुसरे पुस्तक आमच्या घरोघरी माहीत असलेले, लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. ते १९३४ पासून भागाभागाने निघाले. लँबर्टसाहेबांचे पुस्तक केवळ नगरचे नाही, सबंध देशाचे आहे. आणि लक्ष्मीबाईंचे पुस्तक दुष्काळाचे नाही, संसाराचे आहे. तरीही आपत्तीत सापडलेल्या माणसाकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा त्यांत इतक्या स्पष्ट दिसतात की तुलना केल्यावाचून राहवत नाही.

लँबर्टसाहेबांच्या पुस्तकाचे नावच मराठीत सांगावयाचे तर ‘भयग्रस्त साम्राज्य हिंदुस्थान’ असे होते. नावातच हेतू उघड होतो. सातासमुद्रांपलीकडील शेतकऱ्याच्या हृदयास धक्का बसावा आणि त्याचा हात खिशाकडे जावा, ह्यासाठी ते लिहिलेले आहे. त्यात छायाचित्रे आहेत, हाडांचे सापळे झालेल्या देहांची. हे सर्व खोटे आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्या वर्षी तशी माणसे होती आणि ती रस्त्यांच्या कडेला मरत होती. शिवाय ज्यांनी दाणे दिले त्यांस ते कोठे गेले हे सांगणे लेखकाचे कर्तव्यच होते, आणि ते कर्तव्य त्यांनी पार पाडिले. दात्यापाशी हिशेब देण्याची ही सचोटी आमच्याकडील कित्येक फंडांच्या चिटणीसांनी शिकण्याजोगी आहे.

पण वाङ्मय म्हणून पाहता येथेच ह्या पुस्तकाची मर्यादा येते. छायाचित्रातील त्या देहाचे नाव काय, गाव कोणते, दुष्काळापूर्वी तो कोणाचे शेत नांगरीत होता, त्यास कशाचे हसू येत असे, हे वाचकास कळत नाही आणि कळावे अशी अपेक्षाही नाही. भूक हीच त्याची ओळख. वर्ष न लोटता लिहिलेल्या प्रवाशाच्या पुस्तकाकडून ह्याहून अधिक मागणे कदाचित अन्यायाचे होईल. परंतु दुःखाने व्याकूळ झालेला माणूस आणि दुःखाचा नमुना म्हणून उभा केलेला माणूस ह्यांत अंतर आहे. पाहुण्या परोपकाऱ्याच्या लेखणीस ते अंतर बहुधा ओलांडता येत नाही, कारण तो ज्याच्याविषयी लिहितो त्याच्यासाठी लिहीत नाही. १९०० साली ‘क्विटो’ नावाची आगबोट न्यूयॉर्कहून मका भरून मुंबईस आली. आमच्या भागाचे नित्याचे अन्न ज्वारी-बाजरी. आलेला दाणा मक्याचा. दात्याने आपल्यापाशी होते ते पाठविले, आणि त्यात दोष काढणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण तशा वृत्तांताची भाषाही त्या मक्यासारखी असते. ती पोट भरते. येथल्या मातीतून मात्र उगवलेली नसते.

आता ‘स्मृतिचित्रे’ उघडावी. लक्ष्मीबाई ह्या जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्या. १८५७ च्या धामधुमीनंतर वडिलांस सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेला जिन्नससुद्धा धुतल्यावाचून घरात घ्यावयाचा नाही, असा त्यांचा कडक खाक्या. अशा घरात वाढलेली ही बाई. १८९५ साली पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी ती पतीकडे परत आली, तरी चूल आणि पाणी वेगळेच ठेविले. जातिभेद देवाने केला की माणसाने, ह्याचा मनाशी झगडा करून, बाप्तिस्म्याच्याही आधी, कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय तिने केला. तीच बाई पुढे दुष्काळाने पोरकी केलेल्या मुलांत वावरते, परक्यांच्या लेकरांनी आपले घर भरू देते, आणि नगरास प्लेग आला तेव्हा रोग्यांच्या शुश्रूषेस जाते.

ह्या क्रमाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. मदतीस जाणाऱ्याने आधी कोणता समुद्र ओलांडावयाचा, ह्याचे उत्तर ह्या क्रमात आहे. लँबर्टसाहेबांनी दोन महासागर ओलांडिले. लक्ष्मीबाईंस आपल्याच स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडावा लागला, आणि त्यांचे पुस्तक वाचताना हा प्रवास अधिक लांबचा होता अशी आमची खात्री होते. ज्याच्या स्पर्शाने कालपर्यंत स्नान करावे लागे त्याचे डोके मांडीवर घेणे, हे वर्गणी पाठविण्यासारखे नाही. त्यात देणाऱ्याचेच आधी काही मोडते.

लेखनाच्या दृष्टीने मोठी गोष्ट अशी की लक्ष्मीबाई स्वतःस पुण्यवान म्हणून उभे करीत नाहीत. भिती वाटली तर वाटली म्हणतात, फजिती झाली तर ती रंगवून सांगतात. स्वतःस हसणाऱ्या लेखकाच्या हातून दुसऱ्याची कीव होत नाही, हा वाङ्मयातला एक अनुभवसिद्ध नियम आहे. त्यांच्या पुस्तकात येणारी अनाथ मुले हट्ट करितात, भांडतात, खोड्या करितात. ती ‘दुष्काळपीडित’ राहत नाहीत, पोरे होतात.

ह्याचा अर्थ हे पुस्तक सर्व प्रश्नांस पुरे पडते असा नाही. तीन तपांनंतर आठवणीने लिहिलेले हे लिखाण आहे. दुष्काळ का पडला, सारा किती होता, सरकारी कामावर खडी फोडणाऱ्यास काय मिळे, हे तेथे शोधू नये. ज्या मिशनच्या छायेत हे सारे घडले त्याच्याकडे लेखिका घरच्या माणसाच्या नजरेने पाहते, परीक्षकाच्या नव्हे. आणि येथेच तो नाजूक प्रश्न उभा राहतो. दुष्काळाच्या वर्षांत नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या. त्यांत महार व मांग समाजांतील कुटुंबे मोठ्या संख्येने होती. ‘पोटासाठी बाटले’ असे त्यांच्याविषयी सहज बोलले गेले.

हा टोमणा आम्हांस दोन्ही बाजूंनी अपुरा वाटतो. ज्या गावाने त्यांस पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्या गावास त्यांच्या श्रद्धेची शुद्धता तपासण्याचा अधिकार कोणी दिला? परंतु उपाशी माणसापुढे एका हातात अन्न व दुसऱ्या हातात धर्म घेऊन जाणाऱ्यानेही स्वतःस विचारले पाहिजे की, ह्याने ‘नाही’ म्हटले असते तर माझा पहिला हात तसाच पुढे राहिला असता काय? ह्या प्रश्नाची टोचणी मिशनच्या आतही होती असे दिसते. स्वतः टिळकांनी, ख्रिस्तावरील निष्ठा तिळमात्र न ढळता, १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. परक्या द्रव्यावर उभी असलेली सेवा येथल्या माणसाचा स्वाभिमान खाते, हे त्यांनी ओळखिले होते असे आम्ही समजतो.

नगरची ही कथा तेथेच संपली नाही. स्वित्झर्लंडहून आलेल्या फादर हर्मन बाखर ह्या जेझुइट धर्मगुरूंनी १९७२ च्या दुष्काळात ह्याच जिल्ह्याची दैना पाहिली. पुढे त्यांचे सारे लक्ष पाणलोटक्षेत्राच्या विकासाकडे लागले. डोंगरउतारावर पाणी अडवावयाचे तर गावाने स्वतः श्रमदान करावयाचे आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी स्वतःच पाळावयाची, हा त्या कामाचा पाया. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा नगरच्या साल्व्हेशन आर्मीच्या बूथ रुग्णालयाने रोग्यांस दार उघडिले. धान्य वाटण्यापासून पाणी अडविण्यापर्यंतचा हा प्रवास म्हणजे घेणाऱ्यास कर्ता करण्याचा प्रवास आहे. त्याचा इतिहास कोणी लिहील तेव्हा त्याने लँबर्टसाहेबांचा हिशेब आणि लक्ष्मीबाईंची दृष्टी ही दोन्ही जवळ बाळगावी.

आज आमच्या मध्यमवर्गीय घरांतील तरुण मुलेमुलीही परदेशी आपद्‌ग्रस्तांच्या सेवेस जातात आणि आल्यावर लिहितात. हे स्तुत्यच आहे. त्यांच्या लिखाणास एकच कसोटी लावावी असे आम्हांस वाटते. ज्याच्याविषयी ते लिहिले आहे त्याच्या हाती ते द्यावे, आणि तो ते मान खाली न घालता वाचू शकतो काय ते पाहावे. ‘स्मृतिचित्रे’ राहुरीच्या कोणत्याही घरात मोठ्याने वाचता येते. लँबर्टसाहेबांचे पुस्तक, त्यातील सर्व करुणेसह, तसे वाचता येईल की नाही ह्याची आम्हांस शंका आहे.