गोव्याची नाकेबंदी आणि अन्नपुरवठा : एका अनुमानाची चिकित्सा

१८७८ च्या तहान्वये ब्रिटिश हिंदुस्थान व पोर्तुगीज गोवा यांच्यात झालेला जकातसंघ १८९२ मध्ये संपुष्टात आला. परंतु तांदळासाठी गोव्याचे बाहेरच्यांवरील अवलंबन संपले नाही. १९५५ मध्ये भारताने नाकेबंदी केली असताही तेथे दुष्काळ पडला नाही. यावरून, व्यापारी संबंध तुटल्याने अन्नपुरवठ्यास बाध येत नाही, असे अनुमान करण्याचा मोह होतो. ते ग्राह्य नाही. तांदूळ समुद्रमार्गे आला खरा. पण तो विकत घेण्याचे सामर्थ्य मुख्यतः लोहखनिजाच्या निर्यातीने दिले. ज्या देशापाशी असे साधन नाही, त्यास हा दाखला लागू पडणार नाही. म्हणून बंदरातील आवक मोजून न थांबता, परकीय चलन कोठून आले आणि धान्य कोणास परवडले, हेही तपासावयास हवे.