जीर्णोद्धाराचा अर्थ

पेडणे तालुक्यात दानाचा दुष्काळ आहे, असे कोणी म्हटल्यास ते आम्हांस मान्य होणार नाही. देवळाच्या पावतीपुस्तकाला आमच्या गावांत सहसा तोटा पडत नाही. पोटासाठी परगावी गेलेला मनुष्यही जत्रेला येतो तो हात सैल सोडूनच. आमची तक्रार दानाच्या प्रमाणाविषयी नसून त्याच्या रोखाविषयी आहे. जुनी वास्तू राखण्यासाठी जमविलेला पैसा पुष्कळदा तीच वास्तू पाडण्यात खर्ची पडतो आणि त्या कृत्यास आपण मोठ्या श्रद्धेने ‘जीर्णोद्धार’ म्हणतो. जे जीर्ण झाले त्याला सावरणे, हा त्या शब्दाचा सरळ अर्थ. जे पाडूनच टाकले त्याचा उद्धार कसला?

मोरजीची मोरजाई आणि पार्सेची भगवती ही देवस्थाने कावी कलेसाठी जाणकारांस परिचित आहेत. शिंपल्यांचा चुना, वाळू व गूळ एकत्र कुटून मुरवायचा, त्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करायचा, अशी ही रीत. येथे चित्र आणि भिंत वेगळी नसतात. भिंत गेली की चित्र गेले. ते उतरवून दुसरीकडे टांगता येत नाही. बरे, भिंत न पाडता नुसता सिमेंटचा गिलावा केला तरी हानी टळत नाही. चिरा ओल शोषतो, चुना ती बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती आत कोंडते आणि काही पावसाळ्यांनी पापुद्रे सुटू लागतात.

देऊळ हे संग्रहालय नव्हे, भक्तांची गर्दी वाढते, छप्पर गळते आणि चुन्याचे काम जाणणारा कारागीर सहज मिळत नाही, हे आक्षेप खोटे नाहीत. परंतु गर्दीसाठी मंडप शेजारी उभारता येतो. त्यासाठी जुना गाभारा पाडावा लागत नाही. खरी अडचण वेगळी आहे. नव्या कळसावर दात्याचे नाव लागते. कौले परतली म्हणून संगमरवरी पाटी कोणी लावीत नाही.

दुसरा मार्ग आहे, याची साक्ष गोव्यातच मिळते. नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली पुन्हा उभारविले. राज्य शासनाने त्याचे जतन करून २०२३ साली ते भक्तांस खुले केले. रेइश मागूशचा किल्ला १९९३ पर्यंत तुरुंग होता. लंडनच्या हेलन हॅम्लिन न्यासाचे द्रव्य, इंटॅक या संस्थेचे ज्ञान आणि शासनाचे सहकार्य एकत्र आले आणि २०१२ साली तो लोकांसाठी उघडला. देणगी तेथेही होती. पण पैशाच्या आधी वास्तूचा अभ्यास झाला.

प्रत्येक देवळामागे असा न्यास उभा राहणार नाही. १९७८ चा राज्याचा पुरातन वास्तूंचा कायदाही जाहीर केलेल्या वास्तूंनाच कवच देतो. उरलेल्यांचे भवितव्य महाजनांच्या सभेत ठरते. १९३३ च्या माझानी नियमावलीने गोव्यातील देवस्थानांचा कारभार महाजनांकडे सोपविला आहे. तेव्हा जबाबदारीही त्यांचीच. विशिष्ट कारणासाठी दिलेले दान त्याच कारणी लागावे, हे न्यायाचे साधे तत्त्व होय. म्हणून दात्याने पावतीवर लिहून घ्यावे: ‘दुरुस्तीसाठी, पाडण्यासाठी नव्हे.’ संविधानाच्या ५१-क कलमाने वारशाचे जतन हे नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. ते पार पाडण्यास याहून सोपी सुरुवात आम्हांस दिसत नाही.

ज्यांच्यापाशी पैसा नाही त्यांनी हात द्यावेत. मृगापूर्वी पन्हळी साफ करणे, भिंतीत रुजू पाहणारे पिंपळाचे रोप कोवळे असतानाच काढणे, प्रत्येक भिंतीची छायाचित्रे व मापे नोंदवून ठेवणे, ही कामे गावच्या तरुणांना जमण्यासारखी आहेत. मात्र उत्साहाच्या भरात दगडावर तैलरंग फासणे किंवा चित्रे आम्लाने धुणे, ही सेवा नव्हे. जाणत्यास विचारल्यावाचून जुन्या भिंतीला हात लावू नये.

पुढल्या सभेत जीर्णोद्धाराचा ठराव येईल तेव्हा किती रक्कम जमली, हे महाजन विचारतीलच. त्याआधी त्यांनी काय काय राहणार आहे, हे विचारावे, आणि उत्तर मिळेतो हात वर करू नये, एवढीच आमची विनंती आहे.