यादीत नाव नसलेली वाडी

खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण बेपत्ताच राहिले. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे सरकारकडून नंतर सांगण्यात आले.

विधान खरे असेलही. पण यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असे भूशास्त्राने कधीच म्हटलेले नाही.

रायगडला अनुभव कमी नव्हता. 2005 च्या जुलैत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. 2021 मध्ये तळिये गेले. अभ्यासही झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरातील डोंगराळ भागांचे दरडप्रवणता नकाशे 1:50,000 या प्रमाणावर केले. म्हणजे नकाशावर 1 सेंटिमीटर, जमिनीवर 500 मीटर.

पेण तालुक्यात, जिते गावच्या परिसरात शिकवणाऱ्यांनी हे वर्गातच करून पाहावे. डोंगरालगतची एखादी ओळखीची वाडी मुलांसह पावलांनी मोजावी. ती 100 मीटर भरली, तर नकाशावर 2 मिलिमीटर! एवढ्याशा ठिपक्यात कोणाचे घर ओहोळाच्या तोंडाशी आहे ते कसे दिसणार? हा नकाशाचा दोष नव्हे. बारकाईचा तपास पुढे कोठे करावा, एवढेच तो सांगतो. कचेरीत पोचल्यावर मात्र त्यातल्या कमी-अधिक धोक्याच्या छटा गळतात आणि यादी उरते. यादीत नाव असते किंवा नसते.

शास्त्रज्ञही सुटत नाहीत. बेसाल्टवरच्या झिजलेल्या मातीत पाणी मुरले की कणांमधला दाब वाढतो, घर्षण घटते आणि उतार सुटतो, हे अहवालात नीट लिहिलेले असते. किती पाऊस झाल्यावर, कोणाला, कोठे हलवायचे, हे तलाठ्याला त्यातून उमगत नाही.

जमिनीला नवी भेग पडणे, झाडे कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे ही लक्षणे गुरे राखणाऱ्या मुलांना आपल्याआधी दिसतात. शाळेने त्यांची वही ठेवावी, सरळ भिंतींच्या डब्यात पाऊसही मोजावा. (डोंगरमाथ्यावरचा पाऊस वेगळा असतो, हे विसरू नये.) मात्र ही वही वाचणार कोण, आणि रात्री अकरा वाजता निरोप आला तर वाडी कोणाच्या हुकमावर खाली उतरवायची, हे पावसाळ्यापूर्वीच ठरवून घ्यावे लागेल.