रॉयने डेकर्डला का वाचवलं?

यूट्यूबवर कुठल्याही सायफाय सिनेमाचं नाव टाका, 'एंडिंग एक्सप्लेन्ड'वाले व्हिडिओ रांगेत उभे असतात. मीही ते आवडीने बघतो. दिवसभर कोडमधला घोळ शोधणाऱ्याला 'का?'चं उत्तर हवंच असतं. पण सिनेमातला प्रत्येक 'का' म्हणजे बग नसतो.

रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' (१९८२) घ्या. रॉय बॅटी हा रेप्लिकंट, म्हणजे कृत्रिम माणूस. आयुष्य चारच वर्षांचं. शेवटी भर पावसात त्याला मारायला आलेला डेकर्ड इमारतीच्या कडेला लोंबकळतोय. हात सुटतो, आणि रॉय त्याचं मनगट पकडून त्याला वर ओढतो. मग समोर बसतो, थोडं बोलतो आणि मरतो.

शत्रूला का वाचवलं?

चाचणी खेळांत प्रेक्षक गोंधळले, म्हणून स्टुडिओच्या आग्रहाने सिनेमाला डेकर्डच्या आवाजातलं निवेदन जोडलं गेलं. रॉयने मान टाकताच तो आवाज अंदाज बांधू लागतो: अखेरच्या घटकेला त्याला जगण्याचंच मोल वाटलं असावं. अंदाज चूक नाही. पण जे आत्ताच एका हाताच्या पकडीत दिसलं, ते पुन्हा शब्दांत ऐकवलं की आपल्याला करायला काही उरत नाही. पुढे डेकर्ड आणि रेचल हिरव्या डोंगरांतून गाडीने निघून जातात. त्यातली आकाशातून टिपलेली दृश्यं कुब्रिकच्या 'द शायनिंग'मधून उरलेल्या फुटेजची. सुखान्तही उसना!

१९९२च्या 'डायरेक्टर्स कट'मध्ये निवेदन गेलं, डोंगरही गेले. रॉय मरतो तेव्हा समोर फक्त पाऊस आणि डेकर्डचा चेहरा. यंत्र समजून ज्याला संपवायला आलो त्यानेच जीव वाचवला, तर माणूस कोण? हा प्रश्न आता थेट आपल्यावर येऊन पडतो.

गंमत म्हणजे याच आवृत्तीत युनिकॉर्नचं स्वप्न आलं आणि नवं कोडं सुरू झालं: डेकर्ड स्वतःच रेप्लिकंट आहे का? स्कॉटने पुढे मुलाखतींत 'हो' म्हटलं. मला ते उत्तर नको वाटतं. डेकर्डही रेप्लिकंट असेल, तर रॉयने आपल्यातल्याच एकाला वाचवलं. मारेकरी माणसाला दिलेलं जीवदान त्याहून कितीतरी मोठं आहे.

म्हणजे स्पष्टीकरण वाईटच असतं असं नाही. 'अरायव्हल' (२०१६) सगळं उलगडून सांगतो: लुईसला दिसणाऱ्या मुलीच्या आठवणी भूतकाळातल्या नसून भविष्यातल्या आहेत. पण कोडं सुटतं तिथेच खरा पेच सुरू होतो. मुलगी लहान वयातच जाणार हे माहीत असून तिला जन्म द्यायचा का? इथे उत्तराने प्रश्न मोठा केला. 'ब्लेड रनर'च्या निवेदनाने तो मिटवला.

जमलं तर गच्चीवरचा तो प्रसंग दोन्ही आवृत्त्यांत लागोपाठ बघा. एक्सप्लेन्ड व्हिडिओ नंतर आहेतच.