दान की ठेव? : श्रुतलेखन-यंत्रे आणि समाजाची वाणी

१

कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग स्थानिक समाजाच्या सेवेसाठी व्हावा, या विधानाला विरोध करणारा मनुष्य आज मिळणे कठीण. अशा सर्वमान्य विधानांच्या बाबतीत एक धोका असतो. त्यांतील शब्दांचा अर्थ कोणी विचारीत नाही. सेवा कोणाच्या इच्छेने, कोणत्या भाषेत आणि कोणत्या मोबदल्यावर, हे प्रश्न बाजूस राहतात. भाषेच्या अभ्यासकाला हे प्रश्न सर्वांत स्पष्टपणे दिसतात ते बोललेले ऐकून लिहून काढणाऱ्या, म्हणजेच श्रुतलेखन करणाऱ्या यंत्रांच्या संदर्भात. ज्याला लिहिण्या-वाचण्याचा सराव नाही, त्याच्यापर्यंत संगणकाची सेवा पोचावयाची तर ती त्याच्या वाणीच्या वाटेनेच पोचणार. आणि हे यंत्र शिकते तेही त्याच्यासारख्यांच्या वाणीवरूनच. येथे समाज सेवेचा ग्राहक आहे आणि यंत्राच्या मूळ सामग्रीचा पुरवठा करणाराही तोच आहे.

प्रस्तुत लेखात अशा प्रयत्नांची दोन उदाहरणे तपासावयाची आहेत. एक न्यूझीलंडमधील माओरी भाषेचे, दुसरे आपल्या मराठीचे. दोन्हींमध्ये सामान्य जनांना बोलावयास लावून सामग्री जमविण्यात आली. त्या जनांनी जे दिले त्याचे स्वरूप काय मानले गेले, या एका मुद्द्यावर मात्र दोहोंत मोठे अंतर पडते. आणि तो मुद्दाच, माझ्या मते, मूल्यमापनाचा मुख्य निकष ठरावा.

२

न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला काइताइआ नावाचे लहान नगर आहे. तेथील ते हिकू मीडिया ही संस्था मुळात माओरी भाषेतील नभोवाणी केंद्र होय. त्या प्रदेशातील पाच माओरी जमातींची या संस्थेवर मालकी आहे. ज्यांची जन्मभाषा माओरीच होती अशा वृद्धांच्या बोलण्याचा मोठा ध्वनिसंग्रह अनेक वर्षांच्या प्रसारणांतून तिच्यापाशी साठला होता. तो हातांनी लिहून काढणे अशक्यप्राय. म्हणून श्रुतलेखन-यंत्राची गरज निर्माण झाली. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. यंत्र हाती आले आणि मग त्याला काम शोधले गेले, असे येथे घडले नाही.

२०१८ साली संस्थेने आपल्या भाषकांना आवाहन केले, की समोर येणारी वाक्ये मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करा. दहा दिवसांत सुमारे २,५०० लोकांनी ३०० तासांहून अधिक मुद्रण दिले. त्या वर्षीच्या जनगणनेनुसार देशातील माओरी बोलणारांची संख्या सुमारे १ लक्ष ८६ हजार होती, हे लक्षात घेता हा प्रतिसाद असामान्य म्हणावा लागेल. त्याचे कारण तंत्राच्या आकर्षणात शोधणे व्यर्थ आहे. संस्थेचे प्रमुख पीटर-लुकास जोन्स त्याच प्रदेशातील. विचारणारा कोण आणि मागणी कशासाठी, हे लोकांना ठाऊक होते. पुढे या सामग्रीवर घडविलेल्या यंत्राची अचूकता संस्थेने ९२ टक्के असल्याचे सांगितले आहे.

जमलेल्या सामग्रीबाबत संस्थेने जो परवाना तयार केला, त्याचे नाव 'काइतिआकितांगा' या माओरी संकल्पनेवरून घेतलेले आहे. तिचा आशय राखणदारी, विश्वस्तपण असा सांगता येईल. संस्था स्वतःस सामग्रीची मालक म्हणवीत नाही, राखणदार म्हणविते. वापरासाठी तिची अनुमती हवी आणि लाभ माओरी समाजाकडे परतला पाहिजे. या भूमिकेस इतिहासाचा आधार आहे. शाळेत माओरी बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा झालेल्या पिढ्या तेथे होऊन गेल्या. १९८६ साली वाइतांगी न्यायाधिकरणाने भाषा ही 'ताओंगा', म्हणजे जपून ठेवावयाचा अमोल ठेवा, असल्याचे मान्य केले आणि १९८७ मध्ये तिला राजभाषेचा दर्जा मिळाला.

३

याच्या शेजारी दुसरी पद्धत ठेवून पाहावी. २०२२ च्या सप्टेंबरात ओपन-एआय या अमेरिकी कंपनीने 'व्हिस्पर' नावाचे श्रुतलेखन-यंत्र प्रसिद्ध केले. महाजालावरून गोळा केलेल्या ६ लक्ष ८० हजार तासांच्या ध्वनिसामग्रीवर ते शिकविले होते आणि तीत माओरीचे म्हणून १,३८१ तास होते. ते हिकूने त्यावर कठोर टीका केली. वसाहतवाद्यांनी जमीन घेतली तशीच ही भाषा घेतली गेली, असा तिचा रोख होता.

ही टीका नैतिक आहेच, पण तिला एक शास्त्रीय बाजूही आहे. व्हिस्परच्या कर्त्यांनी आपल्या निबंधात प्रांजळपणे नोंदविले आहे, की वेल्श भाषेची म्हणून जमलेली सुमारे ९ हजार तासांची भाषांतर-सामग्री यंत्राच्या शिक्षणात होती, आणि तरीही वेल्शमधील निष्पत्ती फार निकृष्ट निघाली. तपासाअंती आढळले, की तिच्यातील बहुतांश ध्वनी वेल्श नसून इंग्रजीच होता. भाषा ओळखण्याचे कामही यंत्रावर सोपविले गेले आणि यंत्र चुकले. एवढ्या तासांच्या राशीपाशी वेल्श जाणणारा एकही कान बसविला असता तर पहिल्याच दिवशी चूक ध्यानी आली असती. जेथे राखणदार नाही तेथे साठ्यात काय आहे हेही कोणास ठाऊक नसते. राखणदारी ही भावनेची बाब असून शास्त्राशी तिचा संबंध नाही, असे मानणारांनी या उदाहरणाचा विचार करावा.

मात्र ते हिकूच्या प्रयत्नाचे वर्णन स्वावलंबनाचा आदर्श असे करणे अतिशयोक्तीचे होईल. आरंभीचे यंत्र मोझिला या अन्य संस्थेने खुल्या केलेल्या साधनावर उभे राहिले. पुढील कामास न्यूझीलंड सरकारचे अनुदान लागले. आणि गणन करणारी यंत्रे एन्व्हिडिया या अमेरिकी कंपनीची आहेत. शिवाय जमविलेले तास वाचनाचे होते. तेथे वाचन हे साधन होते आणि वृद्धांच्या सहज बोलण्याचा संग्रह उलगडणे हे साध्य होते, एवढे मात्र त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. मराठीकडे वळताना हाच भेद महत्त्वाचा ठरतो.

४

मराठीच्या संदर्भात २०२० साली प्रसिद्ध झालेला बेसिल अब्राहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. ग्रामीण भागातील अल्प उत्पन्नाचे लोक, शहरातील अल्प उत्पन्नाचे लोक आणि विद्यापीठातील विद्यार्थी अशा तीन गटांतील ३६ व्यक्तींकडून त्यांनी १०९ तासांचे मराठी मुद्रण जमविले. गरीब लोकांनी दिलेल्या सामग्रीचा दर्जा विद्यार्थ्यांच्या तोडीचा असतो आणि या कामातून त्यांना पूरक मिळकत होऊ शकते, हा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. सामग्री देणारास मोबदला मिळावा, हे तत्त्व त्यांनी कृतीत आणले.

परंतु येथेही बोलणारांनी समोर दिलेली वाक्ये वाचावयाची होती. वाचनाने माणसाचा आवाज मिळतो. त्याची भाषा मिळतेच असे नाही. वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसासमोर 'तो काम करत आहे' हे वाक्य ठेवले तर तो तेच वाचील. 'तो काम करून राहिला' हे त्याच्या तोंडचे क्रियारूप मुद्रणात येणार नाही, कारण ते कागदावर नाही. 'मला' वाचताना त्याचे 'मले' बाजूला राहील. डोळ्यासमोर 'ळ' हे अक्षर दिसत असताना 'डोया' म्हणणारा माणूसही शाळेत शिकलेला 'डोळा' उच्चारण्याचा यत्न करील. म्हणजे व्याकरण व शब्दसंग्रह प्रमाणभाषेचे, आणि उच्चारही शाळेने दुरुस्त केलेला, अशी सामग्री 'ग्रामीण मराठी' म्हणून नोंदली जाण्याचा संभव राहतो.

हा दोष आपल्या पूर्वसूरींना ठाऊक होता. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात प्रत्येक बोलीसाठी बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर मागविले. पण भाषांतर मुळाच्या वळणावर जाते हे ओळखून, स्थानिक माणसाने आपल्या मनाने सांगितलेला दुसरा नमुनाही मागितला. मराठीचा खंड १९०५ सालचा आहे. आपल्या काळातही डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणात लोकांची कथने जमविली गेली आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी जी सावधगिरी सर्वेक्षकाने बाळगली, ती यंत्राला शिकविताना सोडून देण्याचे कारण दिसत नाही.

हा केवळ अभ्यासकांच्या तक्रारीचा विषय नव्हे. महाराष्ट्र शासनाच्या कृषी विभागाने २०२५ साली 'महाविस्तार' हे मराठीतून सल्ला देणारे साधन सुरू केले. अशा साधनांपुढे शेतकरी आपल्या पिकाचा प्रश्न विचारील तो छापील वाक्यात विचारणार नाही. यंत्राला त्याचे बोलणे उमगले नाही, तर एक-दोन वेळा प्रयत्न करून तो थांबेल किंवा आपली बोली बदलील. दोन्ही परिणाम मुकाट्याने घडतात. त्यांची नोंद कोणत्याही टक्केवारीत होत नाही, कारण अचूकतेची परीक्षाही बहुधा वाचलेल्या वाक्यांवरच घेतली जाते.

५

आता मूळ मुद्दा. २०२२ साली आरंभलेल्या 'भाषिणी' या केंद्र सरकारच्या उपक्रमात जनतेकडून सामग्री घेण्याच्या योजनेस 'भाषादान' असे नाव आहे. नाव हृद्य आहे, पण त्याचा अर्थ तपासला पाहिजे. आपल्या परंपरेत दिलेल्या दानावर दात्याचा हक्क उरत नाही. त्याचा हिशेब मागणेही अनुचित समजले जाते. अब्राहम आदींच्या प्रयोगात जे दिले गेले ते श्रम होते, आणि मजुरी चुकती झाली की तो व्यवहार संपतो. काइताइआतील लोकांनी जे दिले त्यास मराठीत नेमका शब्द आहे, तो म्हणजे ठेव. ठेवीदाराचा हक्क ठेवीवर कायम राहतो आणि ती सांभाळणारास जाब द्यावा लागतो.

दानाच्या बाजूनेही एक युक्तिवाद संभवतो, आणि तो टाकाऊ नाही. १९५१ पासून भूदानाच्या चळवळीत विनोबांनी दान म्हणजे न्याय्य वाटणी, असा अर्थ आग्रहाने मांडला. सार्वजनिक उपक्रमाची सामग्री व साधने सर्वांस खुली असतील तर तीही एक वाटणीच होय. २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लक्ष लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीने आपले दार माओरीप्रमाणे राखणदाराहाती द्यावे, असे म्हणणे व्यवहार्य नाही आणि हितावहही नाही.

परंतु मराठी हा एक समाज नव्हे. वारली, अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणारांच्या दृष्टीने पाहिले तर बलवान भाषेच्या जागी आपली प्रमाण मराठीच उभी आहे. माओरींची तक्रार वाचून परकीय कंपन्यांवर रागावणे सोपे असते. तीच तक्रार वारली भाषक आपल्या विद्यापीठांविरुद्ध करू शकेल, हे मान्य करणे कठीण जाते. म्हणून खुलेपणा प्रमाण मराठीसाठी आणि ठेवीचे तत्त्व बोलींसाठी, असा विवेक करावा लागेल.

त्यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. बोलींची सामग्री वाचनातून न घेता संभाषण व कथन यांतून घ्यावी. तिचे लेखन दोन पदरी असावे; एका पदरात बोलणाराचे रूप जसेच्या तसे, दुसऱ्यात त्याचे प्रमाण रूप, म्हणजे सेवाही घडेल आणि भाषाही पुसली जाणार नाही. तिसरी गोष्ट अशी, की मुद्रणाची प्रत त्या गावाकडे परत जावी आणि नव्या कामी वापर करण्यापूर्वी त्यांची अनुमती घ्यावी. पहिल्या दोहोंस पैसा व वेळ लागेल. तिसरीस फारसे काही लागत नाही. आणि आपल्या विभागांच्या कपाटांतील जुनी बोली-मुद्रणे पाहिली तर नेमकी तीच आजवर क्वचित घडली आहे. यंत्रे घडविणारांना काही सांगण्यापूर्वी आरंभ तेथून करता येईल.