मांजर होणारी आई, न्यायालयात जाणारी आई

मराठी मुलखातल्या भुतांची यादी पाहिली तरी समाजरचना कळते. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला ब्राह्मणाचा मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर बसतो. आदित्य सरपोतदार यांच्या 'मुंज्या' (२०२४) या हिंदी चित्रपटातही त्याचे दुःख एवढेच, की हवी ती मुलगी मिळाली नाही. वासना अपुरी राहिली म्हणून भूत! अन्यायाचा जाब विचारायला उठलेले भूत आपल्या पडद्यावर क्वचितच दिसते.

कानेतो शिंदो यांचा 'कुरोनेको' (काळी मांजर) हा १९६८ चा जपानी चित्रपट म्हणून पाहिला पाहिजे. शेतकऱ्याचा पोर युद्धावर ओढून नेलेला. घरात आई आणि सून. सामुराईंची टोळी येते, अन्न ओरबाडते, दोघींवर बलात्कार करते, घर पेटवते. प्रेतांपाशी काळी मांजर येते. पुढे दोघी भुते होतात आणि राजोमोन वेशीवर भेटेल त्या सामुराईच्या नरडीचा घोट घेतात.

इथवर ही सूडकथा आहे. तिचे खरे मर्म पुढे आहे. तोच पोर पराक्रम गाजवून सामुराई होऊन परततो, आणि सरदार राइको त्यालाच भुते मारायला पाठवतो. राइको सुरक्षित राहतो. तलवार चालते ती मुलाची, आईवर. शोषितांतूनच एकाला वर उचलायचे आणि त्याच्याच हातून घरच्यांचा काटा काढायचा, ही प्रस्थापितांची जुनी रीत शिंदो नेमकी पकडतात. दोघींचा सूड सामुराई मारतो, सामुराईपण मारू शकत नाही. चित्रपटाची ताकद इथे आहे आणि मर्यादाही इथेच.

बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात आत्म्याला जागा नाही. म्हणजे मेल्यावर सूड घेण्याची सोयही नाही. न्याय मागायचा तो जिवंतपणीच. परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या आंदोलनात अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याची आई विजयाबाई उच्च न्यायालयात गेली. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला.

गुन्हा नोंदवून घ्यायला एका आईला उच्च न्यायालय गाठावे लागते, हे भयपटाहून भयंकर आहे. तरीही तिच्या हातात नखे नव्हती, अर्ज होता. आपल्या लेखकांनी लिहायची कथा ही आहे.

— वालूर, जि. परभणी